त्वचेची रोजची निगा: तीन गोष्टी पुरतात, मग चौथी डबी कशासाठी?

"चेहऱ्याला काय लावता?" हा प्रश्न मी आता जवळजवळ प्रत्येक तरुण रुग्णाला विचारतो. पूर्वी विचारत नसे. मी त्वचारोगतज्ज्ञ नाही, जनरल प्रॅक्टिस करणारा डॉक्टर आहे. पायावर सूज घेऊन कुणी आले की लघवी कशी होते, बीपीची गोळी चालू आहे का, वेदनाशामक गोळ्या घेता का, हे मी विचारत होतो. चेहऱ्याच्या क्रीमचा संबंध पायाच्या सुजेशी असू शकतो, हे माझ्या मनात येत नसे. अकोल्याची बातमी वाचल्यापासून येऊ लागले.

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा "काही नाही डॉक्टर, नेहमीचंच" असे येते. मग सोबत आलेली आई किंवा बहीण हळूच म्हणते, "अगं, ती पार्लरमधली डबी सांग ना." त्या डबीवर कंपनीचा पत्ता नसतो, घटकांची यादी नसते. पण "आठ दिवसांत फरक पडला" हे मात्र सगळ्यांना पाठ असते.

त्वचेची रोजची निगा कशी घ्यावी, हे या लेखात सांगणार आहे. ती निगा सोपी आणि स्वस्त आहे. पण आधी त्या डबीबद्दल बोलावे लागेल. निरोगी त्वचेसाठी काय लावायचे याइतकेच काय लावायचे नाही, हेही महत्त्वाचे आहे आणि गेल्या काही वर्षांतल्या घटनांनी ते स्पष्ट केले आहे.

अकोला आणि कोट्टक्कल: काय घडले?

२०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत एक बातमी आली. अकोल्यातील विशीतली एक विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण अशा एकाच घरातल्या तिघींना किडनीचा विकार झाला होता. तिघींच्याही किडनीच्या गाळण्यांना इजा झाली होती. एका घरात तिघींना एकाच सुमारास असा त्रास होणे विचित्र होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी खोलात चौकशी केली, तेव्हा तिघी एकच क्रीम वापरत असल्याचे कळले. ते क्रीम स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेले होते. तपासणीत त्यात पारा सापडला.

त्याच काळात केरळमध्येही असेच काही दिसत होते. मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथील किडनीतज्ज्ञांकडे 'मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी' या आजाराचे रुग्ण वाढू लागले. या आजारात किडनीच्या गाळणीचा पडदा खराब होतो आणि शरीरातले प्रोटीन लघवीवाटे वाहून जाते. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात तिथे असे २२ रुग्ण नोंदवले गेले. त्यातल्या १५ जणांमध्ये आजाराचा एक विशिष्ट प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरे होण्याचे क्रीम वापरल्याचे सांगितले. हा अभ्यास 'किडनी इंटरनॅशनल रिपोर्ट्स' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांची तब्येत सुधारली, ही त्यातली दिलासा देणारी बाब. कारण वेळेवर ओळखले, तर नुकसान थांबवता येते.

हे आकडे मोठे नाहीत, म्हणून घाबरून जाऊ नका. प्रत्येक क्रीममध्ये पारा असतो असेही नाही. पण या दोन्ही ठिकाणी रुग्ण किडनीतज्ज्ञापर्यंत पोहोचले आणि कुणीतरी "काय लावता?" असे विचारले, म्हणून कारण सापडले. जिथे विचारले जात नाही, तिथे त्या आजाराची नोंद "कारण माहीत नाही" अशीच होते.

पारा चेहऱ्यावरून किडनीत कसा जातो?

त्वचेचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे येतो. ते तयार करण्याच्या प्रक्रियेत पारा अडथळा आणतो. त्यामुळे त्वचा थोड्याच दिवसांत उजळ दिसू लागते. बनवणाऱ्यासाठी हा घटक स्वस्त आहे आणि त्याचा परिणाम झटपट दिसतो.

पण पारा चेहऱ्यावर थांबत नाही. तो त्वचेतून आणि केसांच्या मुळांतून आत जातो, रक्तात मिसळतो आणि किडनीत साठतो. सुरुवातीला दुखत नाही, खाज येत नाही. पुढे सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज दिसते, संध्याकाळी पायावर सूज येते, लघवीला साबणासारखा फेस येतो. काहींना हातापायाला मुंग्या, हाताला कंप, चिडचिड, झोप न लागणे, बीपी वाढणे असे त्रास होतात. ही लक्षणे एकत्र करून कुणी क्रीमकडे बोट दाखवत नाही. थकवा, टेन्शन, उन्हाळा अशी कारणे लावली जातात.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी समजून घ्यावी. क्रीम लावणारी एक व्यक्ती असली, तरी पारा तिच्या टॉवेलला, उशीच्या अभ्र्याला, हातांना लागतो. त्याची वाफही होते. लहान मूल आईच्या गालाला गाल लावते, तेव्हा तेही त्याच्या संपर्कात येते. गरोदर बाईच्या शरीरातला पारा वारेतून बाळापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून हा फक्त लावणाऱ्याचा प्रश्न नाही.

कायदा आहे, मग डबी येते कुठून?

भारतात 'सौंदर्यप्रसाधने नियम २०२०' लागू आहेत. त्यानुसार क्रीममध्ये जाणूनबुजून पारा घालता येत नाही. नकळत आलेला पारा दहा लाख भागांत एक भाग, म्हणजे १ पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही. डोळ्यांभोवती वापरायच्या प्रसाधनांसाठी ही मर्यादा वेगळी, ७० पीपीएम आहे.

जगाच्या पातळीवरही पाऊल उचलले गेले. जपानमधील मिनामाता शहरात कारखान्याच्या सांडपाण्यातून समुद्रात पारा गेला, तो माशांत आला आणि मासे खाणाऱ्या हजारो लोकांच्या मेंदूला आणि नसांना इजा झाली. १९५६ मध्ये हा आजार अधिकृतपणे नोंदवला गेला. त्याच शहराच्या नावाने २०१३ मध्ये पाऱ्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. २०२३ च्या अखेरीस जिनिव्हा येथे झालेल्या बैठकीत या करारातल्या देशांनी ठरवले, की पारा घातलेली सर्व सौंदर्यप्रसाधने २०२५ पर्यंत बंद करायची. पूर्वी १ पीपीएमपर्यंतची जी सूट होती, तीही काढली.

निर्णय चांगला आहे. पण कायदा त्या कंपनीला बांधतो, जी आपले नाव आणि पत्ता छापते. अकोल्यासारख्या प्रकरणातली डबी या साखळीत येतच नाही. ती कुणाच्या तरी बॅगेतून, कुरिअरने, ऑनलाइन जाहिरातीतून, पार्लरच्या काउंटरवरून येते. नुसत्या प्लास्टिकच्या डबीत भरलेले 'स्पेशल नाइट क्रीम' कोणत्याही तपासणीला सामोरे जात नाही. त्यामुळे कायदा कितीही कडक झाला तरी शेवटची तपासणी तुमच्या घरातल्या आरशासमोरच व्हायची आहे.

दुसरीकडे जाहिरातींची भाषाही बदलली आहे. २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली' या जुन्या क्रीमचे नाव 'ग्लो अँड लव्हली' झाले. 'गोरेपणा' हा शब्द मागे पडला आणि 'ग्लो', 'ब्राइटनिंग', 'टॅन रिमूव्हल' हे शब्द पुढे आले. नाव बदलले, ही बरी गोष्ट. पण घरात स्थळ बघायला लागल्यावर मुलीच्या रंगावर होणारी चर्चा काही बदललेली नाही. डबीचे गिऱ्हाईक तिथे तयार होते.

दुसरी डबी: मेडिकलमधली ट्यूब

पाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा माझ्यासमोर येणारी गोष्ट म्हणजे स्टेरॉइडची ट्यूब. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही त्यातली नावे. ही औषधे वाईट नाहीत. एक्झिमा, सोरायसिस अशा आजारांत ती फार उपयोगी पडतात, पण ठरावीक दिवस, ठरावीक जागी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

चेहऱ्यावर लावली की ती त्वचेचा रंग फिका करतात आणि पुरळ तात्पुरते दाबतात. त्यामुळे "मैत्रिणीने सांगितले", "मेडिकलवाल्याने दिले" अशी ती घरात येते आणि महिनोन्महिने लावली जाते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी असलेल्या २,९२६ रुग्णांची पाहणी झाली. त्यातले ४३३ जण, म्हणजे सातातला एक, चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना ते डॉक्टरांनी दिलेलेच नव्हते.

माझ्याकडे आलेल्या एका मुलीचे उदाहरण सांगतो. दीड वर्ष ती रोज रात्री ट्यूब लावत होती. तीन वेळा बंद करायचा प्रयत्न केला. दर वेळी दोन-तीन दिवसांत चेहरा लाल व्हायचा, आग व्हायची, पुळ्या यायच्या. तिला वाटले, क्रीम बंद केले म्हणून त्रास झाला, म्हणजे क्रीम चांगलेच आहे. प्रत्यक्षात त्वचेला त्या औषधाची सवय लागली होती. गालांवर बारीक लाल रक्तवाहिन्या दिसत होत्या, त्वचा पातळ झाली होती, हनुवटीवर लव वाढली होती. तिला मी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. बरे व्हायला कित्येक महिने लागले.

पुरुषांमध्ये हीच ट्यूब नायट्यासाठी, म्हणजे गजकर्णासाठी वापरली जाते. जांघेतली खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी मरत नाही, उलट आतून पसरते. आज आपल्याकडे नायटा लवकर बरा का होत नाही, याच्या कारणांमध्ये या मिश्र ट्यूबांचा मोठा वाटा आहे.

त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध अनेक वर्षे आवाज उठवला. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइड क्रीमची सूट काढून घेतली आणि ती 'शेड्यूल एच' मध्ये आणली. म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. नियम आहे, पण काउंटरवर चिठ्ठी न मागता ट्यूब मिळते, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

'आठ दिवसांत फरक' हीच धोक्याची खूण

आपल्या त्वचेचा वरचा थर साधारण चार आठवड्यांत नवा होतो. वय वाढेल तसा वेळ जास्त लागतो. त्यामुळे त्वचेवर प्रामाणिकपणे काम करणाऱ्या कोणत्याही गोष्टीचा परिणाम दिसायला काही आठवडे जावे लागतात. मुरमांच्या औषधालाही सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात.

म्हणून एखादे क्रीम पाच-सात दिवसांत चेहरा उजळवत असेल, तर आनंद होण्याऐवजी शंका यायला हवी. एवढ्या लवकर रंग उतरवणाऱ्या गोष्टींत स्टेरॉइड, पारा किंवा दोन्ही असण्याची शक्यता मोठी असते.

मग रोज करायचे काय?

आता मुख्य विषय. बहुतेक लोकांना रोज तीनच गोष्टी पुरतात: स्वच्छता, ओलावा आणि उन्हापासून संरक्षण.

१. स्वच्छता. चेहरा दिवसातून दोनदा धुवा, घाम आल्यावर आणखी एकदा. त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि नेहमीचा साबण अल्कलीधर्मी. म्हणून साबणाने चेहरा धुतल्यावर ताणल्यासारखा वाटत असेल, तर सौम्य फेसवॉश किंवा साबणविरहित बार वापरा. कोरड्या त्वचेला सकाळी नुसते पाणी पुरते. पाणी कोमट किंवा साधे असावे, कढत नको. घासणी, खरखरीत स्क्रब रोज नको. टॉवेलने पुसताना रगडू नका, टिपून घ्या.

२. ओलावा. धुतल्यावर त्वचा थोडी ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. तेव्हा ते पाणी धरून ठेवते. तेलकट त्वचा असेल तर हलके, पाण्यासारखे किंवा जेल स्वरूपाचे घ्या. कोरडी असेल तर घट्ट क्रीम घ्या. ग्लिसरीन, सिरॅमाइड, पेट्रोलियम जेली हे साधे आणि भरवशाचे घटक आहेत. हातापायांना, भेगाळलेल्या टाचांना साधी पेट्रोलियम जेली उत्तम. खोबरेल तेल अंगाला चालते, पण मुरमे येणाऱ्या चेहऱ्यावर लावू नका, छिद्रे बंद होऊ शकतात.

३. उन्हापासून संरक्षण. वांग, काळे डाग, अकाली सुरकुत्या यांत उन्हाचा वाटा मोठा आहे. तुम्ही डागांसाठी जे काही कराल, ते उन्हात संरक्षण नसेल तर वाया जाते. किमान एसपीएफ ३० असलेले आणि पीए+++ लिहिलेले सनस्क्रीन घ्या. एसपीएफ ३० हे त्वचा भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवते आणि ५० हे सुमारे ९८ टक्के. म्हणजे मोठ्या आकड्यासाठी दुप्पट पैसे देण्याची गरज नाही, पुरेशा प्रमाणात लावण्याची गरज आहे. तर्जनी आणि मधल्या बोटावर दोन लांब रेषा येतील एवढे चेहरा आणि मानेला लागते. बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा लावा.

सनस्क्रीन परवडत नसेल, तर मन छोटे करू नका. छत्री, रुंद कडांची टोपी, दुचाकीवर सुती स्कार्फ, शेतात काम करताना डोक्यावरून घेतलेला पदर किंवा उपरणे हेसुद्धा चांगले संरक्षण आहे. सकाळी अकरा ते दुपारी तीन-चार हा कडक उन्हाचा वेळ शक्य तेवढा टाळा. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन लावू नका, सावलीत ठेवा.

रात्री फक्त दोन कामे करा: चेहरा धुणे आणि मॉइश्चरायझर. दिवसभराचा मेकअप किंवा सनस्क्रीन झोपण्यापूर्वी काढलेच पाहिजे.

हवामानाप्रमाणे थोडा बदल करा. मुंबई-कोकणात दमट हवेत घट्ट क्रीम चिकट वाटते, तिथे जेल बरे. विदर्भ-मराठवाड्यात हिवाळ्यात त्वचा फुटते, तेव्हा अंघोळ थोडक्यात आटपा आणि अंगालाही ओलाव्याचे क्रीम लावा. यापलीकडे व्हिटॅमिन सी, रेटिनॉल, निरनिराळी अ‍ॅसिड यांची रांग लावायची गरज बहुतेकांना नसते. दहा-बारा वर्षांच्या मुलींना तर मुळीच नाही. त्यांच्या त्वचेची आग होण्यापलीकडे त्यातून फारसे काही मिळत नाही.

घरगुती उपायांचे काय?

डाळीचे पीठ, उटणे अधूनमधून लावायला हरकत नाही, त्वचा कोरडी पडत नसेल तर. लिंबू मात्र चेहऱ्यावर चोळू नका. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात, तर त्वचा भाजून काळे चट्टे पडू शकतात. बेकिंग सोडा आणि मुरमावर टूथपेस्ट हे दोन्ही उपाय त्वचेला जाळतात. 'आयुर्वेदिक' किंवा 'हर्बल' असे लिहिलेल्या पण घटकांची यादी नसलेल्या डबीलाही हेच नियम लावा. झाडपाल्याचे चित्र म्हणजे तपासणीचा पुरावा नव्हे.

गोरे होण्यासाठी शिरेतून दिल्या जाणाऱ्या ग्लुटाथिओनच्या इंजेक्शनांबद्दलही विचारणा होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्वचा उजळवण्यासाठी कोणत्याही इंजेक्शनला मान्यता दिलेली नाही. माझा सल्ला स्पष्ट आहे: घेऊ नका.

नवी डबी घेण्याआधी हे बघा

डबीवर उत्पादकाचे नाव, पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, वापरण्याची अंतिम तारीख आणि घटकांची यादी असली पाहिजे. परदेशी क्रीमवर भारतातील आयातदाराचे नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा. सगळा मजकूर तुम्हाला न समजणाऱ्या भाषेत असेल तर ठेवून द्या.

घटकांत 'मर्क्युरी', 'मर्क्युरस क्लोराइड', 'कॅलोमेल', 'मर्क्युरिक', 'मर्क्युरिओ' असे काही दिसले तर घेऊ नका. "सोने, चांदी, अ‍ॅल्युमिनियम किंवा दागिन्यांना लागू देऊ नका" अशी सूचना असेल, तर तीही पाऱ्याची खूण असू शकते. नावाच्या शेवटी 'सोन' किंवा 'सोल' असलेले बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांसारखे शब्द दिसले तर ते औषध आहे, प्रसाधन नाही. मात्र भेसळ करणारा यादीत खरे लिहीलच असे नाही. म्हणून जिथे पत्ता नाही, तिथे विश्वास नाही, एवढा साधा नियम पाळा.

नवे क्रीम थेट चेहऱ्यावर लावू नका. कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे आठवडाभर लावून पाहा. खाज, लाली आली नाही तर मग चेहऱ्यावर.

अशी डबी तुम्ही वापरत असाल तर

पाऱ्याची शंका असलेले क्रीम आजच थांबवा. डबी बेसिनमध्ये धुऊ नका, कचऱ्यात फेकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा, तपासणीसाठी ती लागेल. हात धुवा, वापरलेला टॉवेल आणि अभ्रा बाजूला ठेवा. लघवीची साधी तपासणी करून घ्या. तिला खर्च कमी येतो आणि लघवीतून प्रोटीन जाते का, हे तिच्यातच कळते. फक्त रक्तातले क्रिएटिनीन तपासून निर्धास्त होऊ नका, सुरुवातीच्या काळात ते नॉर्मल असू शकते. बीपी मोजा. गरज वाटली तर डॉक्टर रक्तातील किंवा लघवीतील पाऱ्याची तपासणी सांगतील. घरात तेच क्रीम लावणारे सगळे तपासून घ्या.

स्टेरॉइडची ट्यूब अनेक महिने लावत असाल, तर स्वतःच्या मनाने अचानक बंद करण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञांना भेटा. ती कशी कमी करायची हे ते ठरवतील. मधल्या काळात चेहरा लाल होईल, आग होईल. तेव्हा पुन्हा ट्यूबकडे हात जाऊ देऊ नका. हा काळ संपतो.

पार्लर किंवा दुकानातून आलेल्या अशा क्रीमची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. तुमच्यानंतर दहा जणी तीच डबी घेणार आहेत, हे लक्षात असू द्या.

डॉक्टरांकडे लगेच कधी जायचे?

- क्रीम वापरत असताना डोळ्यांखाली किंवा पायावर सूज, लघवीला फेस
- त्वचेवर फिकट चट्टा आणि तिथे स्पर्श न कळणे, ही कुष्ठरोगाची खूण असू शकते
- मान, काखा काळ्या आणि मखमलीसारख्या जाड होणे
- मुरमे, हनुवटीवर केस आणि अनियमित पाळी एकत्र असणे
- तीळ अचानक वाढणे, रंग बदलणे, त्यातून रक्त येणे

यातल्या मानेच्या काळेपणाबद्दल दोन शब्द. हा मळ नाही. मुलांच्या मानेला आया दगडाने घासतात, क्रीम चोळतात. बऱ्याचदा ते वाढलेल्या वजनाचे आणि इन्सुलिन नीट काम करत नसल्याचे लक्षण असते, पुढे मधुमेह होण्याची ती आगाऊ सूचना असते. तिथे साखर तपासायची असते, उजळवणारे क्रीम लावायचे नसते.

शेवटी घरच्यांना एक विनंती. पुढच्या वेळी घरातल्या मुलीला "उन्हात काळी पडलीस" असे म्हणण्याऐवजी "टोपी घातली होतीस का?" असे विचारा. आणि आज संध्याकाळी तिच्या, तुमच्या आणि मुलाच्याही कपाटातली क्रीमे टेबलावर काढा. ज्या डबीवर पत्ता नाही, ती पिशवीत बंद करून पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे घेऊन या. मी विचारायच्या आधीच तुम्ही सांगितलेत, तर माझे अर्धे काम होईल.